मागे ठेवलेला तुकडा

हे मी मोबाईलवर लिहिते आहे, सकाळी, नवरा कामावर आणि मुलगी कॉलेजला गेल्यावर. बोलताना माझे शब्द अडतात. लिहिताना जरा कमी अडतात, कारण समोर कुणी तोंडाकडे बघत बसलेलं नसतं. जिथे अजिबातच आठवत नाही तिथे मी टिंबं देऊन पुढे जाते आणि संध्याकाळी आर्या, माझी मुलगी, ती टिंबं भरते. तेव्हा यातले काही शब्द तिचे आहेत. आधीच सांगितलेलं बरं.

ज्यांच्या हातात नुकतीच एमआरआयची ती मोठी पिशवी आली आहे त्यांच्यासाठी लिहायला घेतलंय. धीर द्यायला माझ्याकडे धीर फारसा उरलेला नाही. पण मी तशी पिशवी घेऊन बाकावर बसले होते तेव्हा सगळे मला धीरच देत होते, आणि मला हवं होतं ते एकच: काय होतं ते कुणीतरी खरं सांगावं.

शिंदेंचा फोन

मी दागिन्यांची डिझायनर. कागदावर नक्षी काढणारी नव्हे. मरोळच्या एका एक्स्पोर्टच्या कारखान्यात सतरा वर्षं कॉम्प्युटरवर अंगठ्या केल्या. स्क्रीनवर अंगठी उभी करायची, फिरवायची, हिरा नीट बसतो का ते खालून, वरून, आतून बघायचं. मी पास केलं की मॉडेल ओतकामाला जायचं. घाटकोपरहून मेट्रोनं वीस मिनिटांत ऑफिस. त्रेचाळीस वर्षांची होते आणि साधा बीपीसुद्धा नव्हता.

त्या दिवशी ओतकामाच्या शिंदेंशी फोनवर बोलत होते. "शिंदे, याची जाडी..." म्हणाले आणि पुढे काही येईना. शब्द विसरले असं नाही. काय म्हणायचंय ते मला स्वच्छ माहीत होतं. तोंडच चालेना. शिंदे तिकडून, "हॅलो, विशाखा मॅडम, आवाज येत नाही," करत राहिले. माऊसवरची माझी बोटं आपोआप टपटप उडायला लागली. ती मी बघत होते, दुसऱ्या कुणाची असावीत तशी.

शुद्धीवर आले तेव्हा मी फरशीवर होते आणि कुणीतरी माझ्या नाकाशी चप्पल धरली होती.

"फिट आली तुला," शेजारच्या टेबलावरची प्रीती म्हणाली. ती रडत होती. मी तिला म्हणाले, "अगं, ती चप्पल काढ ना आधी." म्हणजे बोलता येत होतं. मला वाटलं, संपलं, होऊन गेलं.

पिशवी

एमआरआय करणाऱ्या माणसानं आत सरकवताना हसत सांगितलं, "वीस मिनिटं, ताई. डोळे मिटून पडा." मध्येच मला बाहेर काढून शिरेतून औषध दिलं. तेव्हापासून त्यानं माझ्याकडे बघून बोलणं बंद केलं. "हात खाली. हलू नका." बस. रिपोर्ट मिळायला अजून दोन दिवस होते, पण माझा रिपोर्ट मी त्या टेबलावरच वाचला.

डॉक्टरांनी फिल्म उजेडाला लावली. "डाव्या बाजूला गाठ आहे."

माझा नवरा मिलिंद पालिकेच्या पाणी खात्यात आहे. कुठे फुटलंय, किती फुटलंय, किती वाजेपर्यंत जोडून होईल, असं विचारायची त्याला सवय. त्यानं तसंच विचारलं. "कॅन्सर आहे का? किती मोठी आहे? कधी काढायची?"

"काढून तपासल्याशिवाय नाव सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पण थांबण्यासारखी वाटत नाही."

बाहेर आलो तर मिलिंदला स्कूटर सापडेना. दोन मजल्यांच्या पार्किंगमध्ये आम्ही वीस मिनिटं फिरलो. स्कूटर पहिल्याच मजल्यावर, जिन्याला लागून उभी होती. तिच्या शेजारून आम्ही तीनदा गेलो असू.

मानखुर्दला राहणाऱ्या माझ्या आईला मी खोटं सांगितलं. रक्ताची गुठळी आहे, छोटं ऑपरेशन आहे, म्हणाले. आई मूळची अकोल्याकडची, पन्नास वर्षं मुंबईत राहूनही बोलणं तिकडचंच. ती फोनवर म्हणाली, "गुठळी हाये तं मंग तू रडून काहून ऱ्हायली वं?"

मी रडत नव्हते. निदान मला तसं वाटत होतं.

माझं डोकं स्क्रीनवर

ज्या सर्जननी माझं ऑपरेशन केलं त्यांना आमच्या घरात नुसतं "मॅडम" म्हणतात. अंधेरीकडच्या एका मोठ्या इस्पितळात त्या बसतात. बुटक्या, भराभर बोलणाऱ्या, आणि खोटं न बोलणाऱ्या. त्यांनी आणखी एक स्कॅन करायला लावला. यावेळी मशीनच्या आत पडून मला काम होतं. कानात आवाज यायचा: "फळांची नावं मनातल्या मनात म्हणा." मी म्हणायचे. आंबा, सीताफळ, करवंद, पपनस. "आता थांबा." मग "आता क्रियापदं." बोलताना मेंदूचा कुठला भाग कामाला लागतो ते त्यातून दिसतं, असं मला नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढंच वाटलं की शाळेत परत आलोय आणि नापास व्हायचं नाहीये.

चार दिवसांनी मॅडमनी आम्हाला त्यांच्या खोलीत बोलावलं. भिंतीवर मोठा स्क्रीन. त्यावर एक डोकं. केस नव्हते, रंग करडा, पण नाक माझंच. आमच्या घराण्याचं बसकं नाक. मॅडमनी माऊस हलवला आणि ते डोकं हळूच वळलं.

सतरा वर्षं मी दिवसभर हेच केलं होतं. माझा हात मांडीवर आपोआप हलला, मॅडमच्या माऊसबरोबर.

त्यांनी कातडी काढली. मग हाड काढलं. एकेका क्लिकला. आत मेंदू, त्यावर लाल नळ्या म्हणजे रक्तवाहिन्या. डावीकडे, कपाळ आणि कान यांच्या मधोमध, पिवळा गोळा. लिंबाएवढा. मग त्यांनी आणखी एक क्लिक केली आणि निळ्या तारांचा एक जुडगा उगवला. खूप बारीक, शेकडो, मागून पुढे वळत गेलेल्या. मला ते सुंदर वाटलं. खरंच सांगते. लाज वाटली, पण वाटलं.

"हे तुमचं बोलणं," मॅडम म्हणाल्या. "बोलण्याचे भाग एकमेकांना जोडणारे धागे. इथपर्यंत ते गाठीच्या बाजूनं जातात. गाठीनं त्यांना नुसतं ढकललंय. पण इथे बघा." त्यांनी गोळा उलटा केला. खालच्या मागच्या कोपऱ्यात निळ्या तारा थेट पिवळ्यात शिरत होत्या आणि पलीकडून बाहेर येत होत्या. "इथे ते गाठीच्या आत आहेत."

मिलिंद पुढे वाकला. "मग तेवढं सोडवून नाही काढता येणार?"

"नाही."

मी विचारलं, "मॅडम, हे किती खरं आहे? आमच्याकडे स्क्रीनवर सगळं बरोबर बसतं. ओतून आलं की धातू आकसतो. मॉडेल आणि माल यात फरक पडतोच."

मॅडमनी माऊस सोडला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "तसाच फरक इथेही पडतो. कवटी उघडली की आतलं पाणी निघतं आणि मेंदू थोडा खाली बसतो. मग हे चित्र आणि मेंदू तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून या चित्रानं मी फक्त वाट ठरवते. कुठे थांबायचं ते तुम्ही सांगायचं. मी तुम्हाला मध्ये जागं करणार आहे."

त्यानंतर त्या जे बोलल्या ते सगळ्यात महत्त्वाचं होतं. गाठीचा मोठा भाग त्या काढू शकत होत्या. पण तो कोपरा ठेवायचा की काढायचा, हे आम्ही आधी ठरवायचं होतं. काढला तर गाठ परत यायला जास्त वेळ लागेल, पण बोलणं जाईल, बहुतेक कायमचं. ठेवला तर बोलणं राहील, पण तो वाढणार. कधी, ते त्या सांगू शकत नव्हत्या.

मी इतकं स्वच्छ चित्र त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. प्रत्येक तार दिसत होती. मला वाटायचं, एवढं सगळं दिसतंय म्हणजे उपायही असणार. तसं नसतं. दिसणं वेगळं आणि करता येणं वेगळं. हे मला त्या खोलीत कुणी सांगायला हवं होतं.

स्वयंपाकघर

घरी येऊन मी पोळ्या करायला घेतल्या. मिलिंद दाराशी येऊन उभा राहिला.

"सगळं काढून टाकायचं," तो म्हणाला. "बाकीचं नंतर बघू."

"बाकीचं म्हणजे माझं बोलणं."

"हो, बोलणं. तू बोलली नाहीस तरी चालेल मला."

"तुला चालेल. मला?"

"विशू, यार, जीव महत्त्वाचा आहे ना? आर्याला आई पाहिजे."

"मुकी?"

"हो, मुकी! मुकी पण पाहिजे!" तो एवढ्या जोरात ओरडला की खालच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी त्यात बुडून गेली. मी लाटणं आपटलं. म्हणाले, "तुझ्या पाण्याच्या लाईनीसारखं बोलू नकोस. तुकडा कापला, नवीन जोडला, असं नाहीये ते."

आर्या आतल्या खोलीत होती. तेव्हा नुकतीच दहावीत गेलेली. तिनं सगळं ऐकलं. जेवताना ती कुणाकडेच बघत नव्हती.

दोन दिवस आम्ही घरात फक्त कामापुरतं बोललो. मग मी मॅडमना फोन करून सांगितलं: तो कोपरा ठेवा. मिलिंदनं वाद घातला नाही. फॉर्मवर साक्षीदार म्हणून सही केली आणि पेन परत द्यायच्या ऐवजी स्वतःच्या खिशात घातलं.

मी असं का ठरवलं? तेव्हा मोठी मोठी कारणं होती. आर्याला दहावीला मदत करायची होती. कामावर परत जायचं होतं. आईशी भांडायचं होतं. खरं कारण एवढंच की मला भीती वाटली. मरणाची नाही. ते कसं असेल ते मला समोर दिसत नव्हतं. मुकं होणं दिसत होतं. शिंदेंच्या फोनवर मी एक मिनिट तशी झाले होते.

किसणी

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कपाळावर, कानामागे, टाळूवर मधे भोक असलेले गोल स्टिकर लावले. त्यांच्या आधारानं स्क्रीनवरचं डोकं आणि टेबलावरचं डोकं जुळवतात. आर्या म्हणाली, "आई, तू कॅरम बोर्ड दिसतेयस." त्या आठवड्यात तेवढंच हसलो आम्ही.

जागेपणी काय होतं ते लोक मला अजून विचारतात. हाड कापताना झोपवलेलं असतं. उठवतात तेव्हा डोकं पकडीत घट्ट असतं, समोर निळ्या कापडाचा तंबू, आणि त्या तंबूत स्पीच थेरपिस्टचा चेहरा. ती टॅबवर एकेक चित्र दाखवते आणि आपण वाक्य म्हणायचं. हे कुलूप आहे. ही चमचा... नाही, हा चमचा आहे. चित्रं आम्ही आधीच निवडली होती, जी मला न अडता येतात तीच. दुखत नाही. मेंदूला दुखत नाही. मान दुखते, थंडी वाजते आणि लघवीला लागल्यासारखं वाटत राहतं. भूल देणाऱ्या डॉक्टर अधूनमधून ओला कापूस ओठांना लावायच्या आणि माझा डावा पंजा दाबून धरायच्या. त्यांचा चेहरा मी कधीच पाहिला नाही. त्यांचा तो हात मात्र मी आयुष्यभर विसरणार नाही.

किती चित्रं झाली कोण जाणे. मग किसणी आली. माझ्या ओट्याखाली आहे तशीच. मला माहीत होतं ती काय आहे, तिनं मी गाजर किसलंय, बोट सोलून घेतलंय. "ही..." म्हणाले आणि शिंदेंच्या फोनसारखं झालं. भिंत.

"थांबली," थेरपिस्ट म्हणाली.

डोक्यामागून मॅडमचा आवाज आला. "ठीक आहे. इथून पुढे मी जात नाही."

दोन सेकंदांत शब्द आला. "किसणी! किसणी आहे!" मी ओरडलेच असेन. तंबूत कुणीतरी हसलं. मला इतका आनंद झाला होता. तो तुकडा तिथे राहिला आणि मला आनंद झाला होता. हे लिहून ठेवते, कारण आता त्यावर विश्वास बसत नाही.

अरे बापरे

दुसऱ्या दिवशी सूज आली आणि सगळंच गेलं. जे वाचवण्यासाठी एवढं केलं तेच. "हो", "नाही", आणि का कुणास ठाऊक, "अरे बापरे". तीन आठवडे माझ्याकडे एवढेच शब्द होते. नर्सनं नाव विचारलं, अरे बापरे. चहा हवा का, अरे बापरे. आई मानखुर्दहून आली. माझं पट्ट्या बांधलेलं डोकं तिनं पाहिलं आणि तिला गुठळी वगैरे सगळं कळलं. ती पायाशी बसून म्हणत राहिली, "बोल ना वं माय. शिव्या दे मले, पन बोल." मी म्हणाले, "अरे बापरे." ती उठून व्हरांड्यात गेली आणि बराच वेळ आत आली नाही. खोटं सांगितल्याबद्दल तिनं मला अजून माफ केलेलं नाही. बरोबर आहे तिचं.

गाठीचा रिपोर्ट आला. कॅन्सर. सगळ्यात वाईट जातीचा नाही, तिच्या एक पायरी अलीकडचा. मिलिंद ही "एक पायरी अलीकडे" फोनवर नातेवाइकांना इतक्या वेळा सांगायचा की मला तो शब्द नकोसा झाला. पायरी.

शब्द हळूहळू परतले, पण सगळे नाही. क्रियापदं आली, वस्तूंची नावं कच्ची राहिली. "ते दे ना, ते, भिंतीवरचं, वेळाचं."

रेखाताई

मग रेडिएशन. चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मुखवटा करतात, गरम असताना तोंडावर बसवतात, थंड झाला की कडक. रोज तो टेबलाला अडकवून पाच-दहा मिनिटं. सहा आठवडे. डाव्या बाजूचे केस उशीवर राहायला लागले. गोळ्यांनी तोंडाला पत्र्यासारखी चव.

वाट बघायच्या बाकावर मालाडच्या रेखाताई भेटल्या. त्यांची जीभ काढली होती. लहान मुलांची ती लिहून पुसायची पाटी असते ना, बटण दाबलं की कोरी होणारी, ती त्यांच्या मांडीवर असायची. पहिल्या दिवशी त्यांनी लिहून दाखवलं, "आत कुठलं गाणं लागलं होतं?" मला गाण्याचं नाव सांगता येईना. मी गुणगुणले. त्यांनी नाव लिहिलं. अगदी बरोबर. रोज तेच चालायचं. तोंड माझं, शब्द त्यांचे. दोघी मिळून एक धड बाई होत होतो.

त्या नाकातल्या नळीनं जेवायच्या आणि तरी त्यांच्या पाटीवर दिवसभर गप्पा असायच्या. सुनेची तक्रार, नातवाचं कौतुक, डॉक्टरच्या शर्टावर शेरे. त्यांना बघून मला पहिल्यांदा वाटलं की मी चुकले. मुकी बाई अशीही असू शकते. मिलिंद म्हणत होता ते हेच.

तसं मी थेरपिस्टला अडखळत सांगितलं. ती म्हणाली, "तुमचं वेगळं आहे, विशाखाताई. त्यांचं फक्त तोंड गेलंय. त्या धाग्यांबरोबर तुमचे शब्दच गेले असते. पाटीवर काय लिहिणार होतात?"

त्यानंतर रेखाताईंच्या शेजारी बसणं मला जड जायला लागलं. त्यांचा काही दोष नव्हता. मी उशिरा जायला लागले, त्यांची वेळ टाळून. शेवटच्या दिवशी त्यांनी मला जिन्यात गाठलं आणि पाटी समोर धरली: "रागावलात?" मी मानेनंच नाही म्हणाले. त्यांनी पाटी पुसली.

अकरा महिने

ऑपरेशननंतर अकरा महिने स्कॅन स्वच्छ होते. म्हणजे तो तुकडा होता तेवढाच होता. हे माझे वाचवलेले महिने. त्यांचं काय केलं?

कामावर परत गेले नाही. एकदा ऑफिसात जाऊन बसले, प्रीतीनं जुनं मॉडेल उघडून दिलं, पण सॉफ्टवेअरच्या बटणांची नावं वाचेपर्यंत डोकं दुखायला लागलं. घरी मिलिंद माझी वाक्यं पुरी करायचा. मी "ते दे" म्हटलं की "चमचा? झाकण? चिमटा?" अशी यादी चालू. एकदा मी समोरची वाटी भिंतीवर मारली. आमटीचा डाग अजून आहे. आर्यानं मैत्रिणींना घरी आणणं बंद केलं. मी विचारलं तर म्हणाली, "असंच." नंतर एकदा चिडून म्हणाली, "तू मधेच थांबतेस ना, तेव्हा मला काय करावं कळत नाही. त्या हसत नाहीत गं. मलाच लाज वाटते. आणि मग त्याची लाज वाटते."

दहावीची मदत माझ्याकडून झाली नाही. आर्याशी मी जास्तीत जास्त काय बोलले? केस बांध. जेवून घे. पंखा बंद कर, तोही "फिरतं ते बंद कर" असा. खास असं काही बोललेच नाही. बोलणं राखलं होतं, आणि ते असं रोजच्या रोज खर्चून गेलं. कधी वाटतं, बोलणं असतंच त्यासाठी. कधी वाटतं, ही मी स्वतःची घातलेली समजूत आहे. बहुतेक दिवस दुसरंच वाटतं.

दोन डोकी

गेल्या महिन्यात उजव्या हाताला मुंग्या आल्या. स्कॅन झाला. मॅडमच्या खोलीत यावेळी स्क्रीनवर दोन डोकी होती, शेजारी शेजारी, दोन्ही माझी. डावीकडचं ऑपरेशननंतरचं: मोठी पोकळी, आणि तळाशी बोराएवढा पिवळा ठिपका. उजवीकडचं परवाचं. ठिपक्यानं पोकळी अर्धी भरून काढली होती आणि खाली, आत, नव्या जागी पसरला होता. निळ्या तारा मोजक्या उरल्या होत्या. विरलेल्या कापडासारख्या.

मॅडम डोकं फिरवायला लागल्या. मिलिंद म्हणाला, "नको. राहू दे. कळलं."

परत येताना रिक्षात, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या सिग्नलला अडकलो होतो. मिलिंद बाहेर बघत म्हणाला, "तेव्हाच जर..."

"बोल," मी म्हणाले. "पुरं बोल."

"नको, विशू."

"बोल रे. वर्षभर... तोंडात... धरलंयस."

तो बोलला. "तेव्हाच सगळं काढलं असतं तर आज हे नसतं."

"हो," मी म्हणाले.

तो माझ्याकडे वळला. मला वाटतं त्याला मी भांडायला हवी होते. मॅडमनीच नंतर सांगितलं की तसं खात्रीनं म्हणता येणार नाही, तेव्हा काढलं असतं तरी ही जात परत येतेच. पण रिक्षात आम्हाला ते माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी त्यानं काही फरक पडला असता असं नाही. तो रडला. त्याला मी लग्नानंतर दुसऱ्यांदा रडताना बघत होते. सिग्नल सुटला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला त्याला एक शब्द म्हणायचा होता, अगदी साधा, आणि तो आला नाही. अजून आलेला नाही. आर्यालाही तो भरता येणार नाही, कारण कुठला ते मलाच सांगता येत नाही.

येत्या मंगळवारी

दुसरं ऑपरेशन मंगळवारी आहे. यावेळी जागं करणार नाहीत. विचारण्यासारखं काही उरलेलं नाही. यावेळी मिलिंद म्हणाला, "तू सांगशील ते," आणि मी म्हणाले, काढा. का, ते मला नीट सांगता येत नाही. आर्या अकरावीत गेलीय. मला वाटतं तिनं मला आणखी काही दिवस बघावं. बोलणारी नसले तरी. की मीच तिला बघावं? माहीत नाही.

तुम्हाला कुणी असं चित्र दाखवून विचारलं की काय ठेवू आणि काय काढू, तर माझ्याकडे उत्तर नाही. मी दोन्ही उत्तरं दिली आहेत. एकच सांगते. घरातल्या माणसाला त्याचं म्हणणं पुरं बोलू द्या, तेव्हाच. वर्षभर थांबवू नका.

काल मॅडमकडे सही करायला गेलो. असा नियम आहे की डॉक्टरांनी सगळं समजावलं की आपण काय समजलो ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. मॅडमनी पेन उघडलं. "सावकाश सांगा. मला घाई नाही."

मी म्हणाले, "गाठ जमेल तितकी काढणार. तिच्याबरोबर माझं बोलणं जाणार, लिहिणं जाणार, वाचणंही जाईल बहुतेक. उजवा हात अधू होईल. माणसं ओळखता येतील, पण त्यांची नावं घेता येणार नाहीत. एवढं करून काही महिने मिळतील, जास्तही मिळतील, नक्की कुणी सांगू शकत नाही. मला हे मान्य आहे."

कुठेही अडले नाही. वर्षभरात एवढं लांब मी सलग बोलले नव्हते. मिलिंदनं मान वर केली. मॅडमचं पेन कागदावर टेकलेलं होतं, पण त्या लिहीत नव्हत्या. मग त्यांनी भराभर लिहून घेतलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. वरच्या पंख्यानं तो उडत होता. मिलिंदनं त्याचे दोन कोपरे बोटांनी दाबून धरले, आणि मी सही केली.